परत येणारा डाग

हजेरीबाबूनं काचेच्या फळ्यातलं जुनं पाळीपत्रक काढलं आणि "धरा हो जरा" म्हणून माझ्या हातात दिलं. टाचण्या गोळा करायला त्याला दोन्ही हात मोकळे हवे होते. गुरुवार, जेवणाची सुटी संपायला पाच-सात मिनिटं. मी रिकामा डबा काखेत धरून उभा होतो आणि मनात काहीही नव्हतं, म्हणजे गेले चार आठवडे ताईच्या पैशांचं जे सतत होतं तेवढंच होतं. पत्रक मी आडवं धरलं. एवढंच केलं मी. उभं धरलं असतं तर कदाचित काहीच झालं नसतं, घंटा वाजली असती आणि मी मुकाट्यानं टेबलावर जाऊन बसलो असतो. पण आडवं धरलं, आणि त्यावरचे रंगीत पट्टे डावीकडून उजवीकडे पळायला लागले. पिवळा आठवडा पहिल्या पाळीचा, निळा दुसऱ्या पाळीचा, पांढरा रात्रपाळीचा. पिवळा, निळा, पांढरा, परत पिवळा. माझ्या ओळीवरून मी बोट फिरवलं. हे मी पाहिलेलं होतं. पाहिलेलं कसलं, काढलेलं होतं, माझ्या हातानं, शिसपेन्सिलीनं. घरी पलंगाखाली गुंडाळून ठेवलेल्या तपकिरी कागदावर हेच होतं. एक आठवडा खाली बसलेला, एक मधला, एक वर चढलेला. पत्रकात जिथं पांढरा, तिथं माझ्या कागदावर टेकडी. एकही टेकडी चुकलेली नव्हती.

"काय झालं?" हजेरीबाबू म्हणाला. "पाळ्या बंद झाल्याचं एवढं दुःख अख्ख्या कारखान्यात तुम्हालाच झालेलं दिसतंय."

"हे मला देता?"

"न्या की. फ्रेम करून लावा."

माझं काम कापड तपासायचं. छापलेल्या कापडाचे ताके येतात, खालून उजेड सोडलेल्या काचेच्या टेबलावरून ते कापड सरकत राहतं आणि मी बघत राहतो. बत्तीस वर्षं बघतोय. पडदे, चादरी, उशांचे अभ्रे. डाग दिसला की काठाला खडूची खूण. लोकांना वाटतं, यात काय मोठंसं, डोळे उघडे ठेवले की झालं. बसावं त्यांनी एक तास. अर्ध्या तासात त्यांना नुसती फुलंच फुलं दिसतील आणि डाग डोळ्यांदेखत निघून जाईल. माझं उलट आहे, मला फुलं दिसतच नाहीत. कारखान्यात मला दुर्बीण म्हणतात, अगदी तोंडावर म्हणतात, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडतं. खरी मजा डाग सापडण्यात नाही, तो परत येण्यात आहे. एकदाच आलेला डाग म्हणजे कुणाच्या तरी हातचा शिंतोडा. पण तोच डाग चौसष्ट सेंटिमीटरवर परत आला, आणि पुन्हा चौसष्टवर परत आला, की समजायचं, छपाईच्या रुळाला ओरखडा आहे, कारण रुळाचा घेर चौसष्ट. मी जागेवरून न उठता सांगायचो, तिसऱ्या यंत्राचा निळा रूळ बघा, डाव्या टोकापासून वीतभर आत. यंत्रावरचे लोक शिव्या घालत रूळ उतरवायचे आणि ओरखडा बरोबर तिथंच असायचा. बत्तीस वर्षांत असा एक डाग मला भेटला नाही, जो परत परत आला आणि ज्याच्यामागं रूळ नव्हता. हे अंगात मुरतं हो. मग जगात कुठंही काही परत आलेलं दिसलं की वाटतं, आत कुठंतरी रूळ आहे, फक्त वाकून बघायला पाहिजे. ज्या म्हाताऱ्यानं मला हे काम शिकवलं तो पहिल्या दिवशी म्हणाला होता, "डाग दिसला की आधी आपला चष्मा पुसायचा, मग कापडावर बोट ठेवायचं." मला तेव्हा चष्मा नव्हता. मी हसलो होतो त्याला.

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. कारण विचारलं तर "घरचं काम" म्हणालो. खात्यातून बाहेर पडताना बंद पडलेल्या तिसऱ्या यंत्रावर टाकलेलं प्लास्टिक पंख्याच्या वाऱ्यानं हलत होतं. महिनाभरापूर्वी ते यंत्र बंद केलं, पाळ्या गेल्या, आता सगळे एकाच वेळी येतात आणि एकाच वेळी जातात. फाटकाबाहेर आल्यावर मी ताईला फोन लावला. एका घंटीत उचलला तिनं. "बोल रे," म्हणाली. मागं कुणीतरी बादली सरकवल्याचा आवाज आला. मी म्हणायला हवं होतं, ताई, शेअर आत्ता वीक. चार शब्द. त्याऐवजी म्हणालो, "घरी आहेस ना? येतोय मी." "ये की," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात खुशी होती. तिला वाटलं असणार, मी चांगली बातमी घेऊन येतोय. मी कामाच्या दिवशी दुपारचा कधी तिच्याकडे गेलोय? बसला गर्दी नव्हती. खिडकीपाशी बसलो, पत्रकाची गुंडाळी मांडीवर. एक वाजून पस्तीस मिनिटं. शेअरबाजार साडेतीनला मिटतो, आणि ताईकडे पोचायला तास लागतो. वेळ होता तसा. मी स्वतःला सारखं तेच सांगत होतो, वेळ आहे, भरपूर वेळ आहे.

ताईची सगळी कथा एका खोलीची आहे. माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. मेहुणे गेल्यापासून ती दिराच्या घरात मागच्या खोलीत राहते, वीस वर्षं झाली. खोली वाईट नाही. पण त्या घराची कपडे वाळत घालायची बाल्कनी तिच्या खोलीच्या पलीकडे आहे. म्हणजे घरातलं ज्याला ज्याला कपडे वाळत घालायचे, काढायचे, केर झटकायचा, फोनवर जरा एकटं बोलायचं, तो तिच्या खोलीतून जाणार. दाराला कडी आहे, पण लावणार कशी? एकदा तिला ताप होता म्हणून लावली तर जाऊबाई म्हणाल्या, "आता आम्ही ओले कपडे डोक्यावर घेऊन बसायचं का?" वाईट बाई नाही ती, खरंच ओले कपडे होते तिच्या हातात. वीस वर्षं ताई उठलेली, झोपलेली, रडलेली, साडी बदलतानाची, सगळ्यांच्या वाटेवर. ती न्यायालयात टंकलेखक होती. साक्षीदार काय बोलतो ते जसंच्या तसं उतरवायचं, आपलं एक अक्षर घालायचं नाही. तिनं कधी घातलं नाही. गेल्या मार्चात ती निवृत्त झाली, एकरकमी पैसे हातात आले, आणि ते पुरतील एवढी एक खोली तिनं बघून ठेवली. तिसरा मजला, एकच खोली, कोपऱ्यात ओटा, आणि दार असं की आतून कडी लावली की पलीकडं कुणालाही जायचं नसतं. आम्ही दोघं बघायला गेलो तेव्हा तिनं ते दार लावलं, कडी घातली आणि नुसती उभी राहिली. घरांचा दलाल बाहेर अडकला होता, तो ठकठक करायला लागला. ताई म्हणाली, "वाजवू दे त्याला." आणि आम्ही दोघं लहान पोरांसारखे हसलो. पैसे भरायची तारीख ठरली. ती तारीख म्हणजे उद्या, शुक्रवार.

आणि मी काय केलं? मी तिला म्हणालो, एका खोलीत काय राहतेस, वरच्या मजल्यावरची दोन खोल्यांची बघ, स्वयंपाकघराला खिडकी आहे. ती म्हणाली, तेवढे कुठून आणू? आणि मी पलंगाखालून गुंडाळी काढली.

ते खूळ रंगाच्या पिंपांपासून लागलं. आमच्या छपाईचा रंग ज्या कंपनीकडून येतो तिची पिंपं मी गोदामात रोज बघायचो. उपाहारगृहातल्या टीव्हीवर खाली आकड्यांची पट्टी सरकत असते, तीत एके दिवशी त्याच कंपनीचं नाव सरकत गेलं. सरकणारं काहीही असलं की माझे डोळे त्याला चिकटणारच. दुसऱ्या दिवशी परत बघितलं, तिसऱ्या दिवशी टिपून ठेवलं. ताक्याच्या आत गुंडाळलेला तपकिरी कागद असतो, तो लांबच लांब घरी आणला आणि रोज एक ठिपका. एका दिवसाला एक बोट अंतर. दोन महिन्यांनी मी तो कागद जमिनीवर पसरला. टेकडी. मग दरी. मग पंधरा ठिपक्यांनी परत टेकडी. मी मोजपट्टी घेऊन गुडघ्यांवर रांगत होतो आणि बायको दारात उभी राहून म्हणाली, "काय हरवलंय?" काही हरवलं नव्हतं हो, सापडलं होतं! कागदाच्या कोपऱ्यात मी पुढच्या टेकडीची तारीख आधीच लिहून ठेवली. आली. त्याच्या पुढची लिहिली, तीही आली. चार वेळा. आपण सांगावं आणि जगानं तसं वागावं, याची चव एकदा लागली की माणूस चालतोही वेगळा. मी बसमध्ये लोकांकडे बघायचो, सगळे आपले खाली मान घालून, आणि मनात म्हणायचो, यांना कुणाला माहीत नाही. मी स्वतः मात्र एकही शेअर घेतला नव्हता. हे मला आत्ता बसमध्ये पहिल्यांदाच नीट आठवलं. मी ताईला कागद दाखवला त्या दिवशी बायकोनं जेवताना सरळ विचारलं होतं, ताईसमोर, "एवढं कळतंय तर स्वतःचे का नाही लावत?" मी म्हणालो, "अभ्यास चालू आहे माझा." ताईनं तिला उडवून लावलं. "त्याच्या डोळ्यांना काय दिसतं ते तुला मला नाही दिसायचं," म्हणाली.

हे ती उगाच म्हणाली नव्हती. मी सहा वर्षांचा असताना मला तीन आठवडे ताप होता. पलंगासमोर पानांच्या छापाचा एक पडदा होता, आणि मला दुसरं काही बघायलाच नव्हतं. एके दिवशी मी ताईला म्हणालो, त्या पानांमध्ये एका पानाला देठ नाही, आणि तसं पान खाली परत आहे, आणि परत. तापात बरळतोय असं सगळ्यांना वाटलं. ताई उठली, पडदा हातात घेतला आणि पान न पान मोजलं. मग ओरडत आईकडे गेली, "बरोबर आहे त्याचं! अगं, बरोबर आहे!" तो पडदा आमच्याकडे मी जन्मायच्या आधीपासून होता आणि कुणाला दिसलं नव्हतं. त्या दिवसापासून सुईत दोरा ओवायला, तांदळातले खडे बघायला, परीक्षेच्या निकालात तिचा क्रमांक शोधायला मी. माझ्या बहिणीनं मला कुठल्याही गोष्टीत कधी मोठं मानलं नाही, माझं लग्न झालं तरी शेंबूड पूस म्हणायची. एवढ्या एकाच गोष्टीत मानलं. तेव्हा मी गुंडाळी उलगडून तिला टेकड्या दाखवल्या, दरीवर बोट ठेवलं आणि म्हणालो "आत्ता घ्यायचे", तर तिनं घेतले. थोडे लाव असं मी म्हणालो होतो का? म्हणालो असेन. बसच्या खिडकीतून दुकानं मागं जात होती आणि मी ते जेवण पुन्हा पुन्हा आठवून बघत होतो, कुठंतरी "थोडे" हा शब्द असेल म्हणून. नव्हता. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला, "घेतले रे. सगळ्याचे." आणि मी म्हणालो, "शाब्बास." हा शब्द मात्र अगदी नीट आठवला.

रूळ कुठं होता ते आता सांगतो, म्हणजे माझी अक्कल किती ते कळेल. पहिली पाळी असली की मी दुपारी घरी यायचो आणि चहा पिऊन निवांत, बाजार मिटल्यावरचा आकडा टिपायचो. दुसरी असली की कामाला निघण्याआधी, दुपारी साडेबाराचा. रात्रपाळी असली की सकाळी घरी येऊन, अंघोळ करून, बाजार उघडल्या उघडल्या जो दिसेल तो टिपायचो आणि पडदे ओढून झोपायचो. मला वाटायचं आकडा म्हणजे आकडा, कधीही घेतला तरी तोच. पण तो शेअर रोज सकाळी फुगायचा आणि दिवसभरात बसत जायचा. बस्स. म्हणून रात्रपाळीचा आठवडा वर, पहिल्या पाळीचा खाली. टेकडी बाजाराची नव्हतीच, माझ्या रात्रपाळीची होती. तीन आठवडे, शनिवार-रविवार बाजार बंद, म्हणून पंधरा ठिपके. आणि माझं भविष्य खरं ठरत होतं, कारण ते खरं ठरलं का हे बघायलाही मीच, त्याच वेळेला, त्याच पाळीतून येत होतो. रूळ मी होतो. पाळ्या बंद झाल्या, मी रोज एकाच वेळी आकडा टिपायला लागलो आणि कागदावरच्या टेकड्या गेल्या. चार आठवडे झाले, ताई टेकडीची वाट बघत होती, आणि शेअर रोज थोडा थोडा, अगदी सभ्यपणे, खाली सरकत होता. मी तिला सांगत होतो, उशीर होतोय, इतकंच. उशीर! चाळिशीतल्या बाईला स्थळ येईल म्हणावं तसं. बसमध्ये मी मोठ्यानं हसलो असेन, कारण समोरच्या बाईनं पिशवी जवळ ओढून घेतली.

अजूनही सगळं संपलं नव्हतं, हे मला कळत होतं. दलाल ताईला म्हणाला होता, थोडे कमी पडले तर पंधरा दिवस सांभाळून घेऊ, पण निम्म्याहून जास्त उद्या हवेत, नाहीतर दुसरे लोक थांबलेत. आज विकले तर एक खोली अजून तिची होती. थोडी उसनवार झाली असती, ती मी फेडली असती. दोन खोल्या गेल्या, खिडकी गेली, पण कडी राहिली असती. हे एवढं सोपं होतं, आणि तिच्या घराचा जिना चढताना कठड्याला धरून मी तीनदा थांबलो.

दोन पन्नास झाले होते. ताईनं चहाचं आधण ठेवलेलंच होतं. जाऊबाई पुढच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होत्या, म्हणाल्या, "काय हो, आज दिवसाढवळ्या? नोकरी सोडलीत की काय?" मी काहीतरी बोललो आणि मागच्या खोलीत ताईच्या पलंगावर टेकलो. ताईनं कप दिला आणि समोर स्टुलावर बसली. हात मांडीवर, पाठ ताठ. न्यायालयात ती अशीच बसायची, बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघत. मी पाळीपत्रक पलंगावर पसरलं आणि सांगायला लागलो. पिवळा, निळा, पांढरा. सकाळचा आकडा, दुपारचा आकडा. मध्येच जाऊबाई बादली घेऊन आल्या, आमच्या दोघांच्या मधून बाल्कनीत गेल्या. मी चहाचा घोट घेतला. त्यांनी चार कपडे झटकले, घातले, पाचवा झटकला. घड्याळात तीन वाजून गेले. त्या परत गेल्यावर मी राहिलेलं भराभर सांगून टाकलं. "माझं चुकलं, ताई. तिथं काहीच नव्हतं. मी तुला खड्ड्यात घातलं. आत्ता वीक, लगेच. फोन कुठाय तुझा?" मला वाटलं आता ती रडेल, चिडेल, निदान एक कानाखाली तरी देईल. दिली असती तर फार बरं झालं असतं.

ताईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे आकडे चुकीच्या वेळेला घेतले होतेस."

"हो."

"म्हणजे आकडे चुकले. डोळा नाही चुकला."

"ताई, अगं—"

"तू पाळी बघितलीस त्याच्यात. न बघता बघितलीस. पंधरा ठिपक्यांनी परत येतंय हे तुला दिसलं, ते खरंच होतं की. कुठून येतंय एवढंच कळलं नाही." ती उठली आणि उशीखालून एक वही काढली. "मला वाटतच होतं तुझी गडबड होतेय. म्हणून मी माझं लिहून ठेवलं. फोनमध्ये मागचे सगळे मिळतात. हे सात महिन्यांचे. रोजचा बाजार मिटतानाचा, सगळे एकाच वेळचे." टंकलेखकाचं अक्षर, एकाखाली एक आकडे, एक खाडाखोड नाही. "आता ह्याच्यात बघ," ती म्हणाली. "काही नाही दिसलं, तर विकते."

तीन वाजून आठ मिनिटं. मला वाटलं, हेच बरं. दाखवूनच टाकू हिला. वहीच्या शेवटी चौकटीची पानं होती, त्यावर मी ठिपके द्यायला लागलो, म्हणजे तिच्या डोळ्यांनाच दिसेल, नुसता पसारा आहे, मुंग्या फिरल्यासारखा. हात सरावाचा, भराभर चालत होता. ताई माझ्या खांद्यावरून बघत होती, हातात फोन, अंगठा तयार. तिच्या साडीला इस्त्रीचा वास येत होता. साठ ठिपके झाले, शंभर झाले, कालचाही दिला. "बघ," मी म्हणालो, "आहे का काही?" आणि असं म्हणता म्हणता माझा हात मंदावला. एक खोल खड्डा होता. त्याच्यानंतर दोन उथळ, मग परत तसाच खोल. मी मागं गेलो. मोजलं. अकरा. पुढं मोजलं, अकरा. एका ठिकाणी बारा होते, पण मध्ये सुटी असणार. मला ठाऊक होतं यात काही नाही. देवाशपथ सांगतो, मला त्या क्षणी जितकं स्वच्छ ठाऊक होतं तितकं आयुष्यात कधी नव्हतं. तांदूळ उधळले तरी त्यात मला रांगा दिसतील, हा माझा धंदा आहे, हा माझा रोग आहे. आणि तरी ते तिथं होतं. दिसत होतं. ठाऊक असल्यानं दिसणं थांबत नाही, हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

"काय?" ताई म्हणाली. ती माझा हात ओळखते. "काय दिसलं?"

"काही नाही."

"तुझा हात थांबला."

"काही नाही गं."

"मग विकू?" तिनं अंगठा पुढं केला. "सांग. तू म्हणशील तसं. तीन सोळा झालेत."

तोंड उघडून "वीक" म्हणायचं होतं. एक अक्षर आणि एक अर्धं. मी तिच्याकडे बघितलं. सहा वर्षांच्या मुलाकडे बघावं तसं ती माझ्याकडे बघत होती, पडदा हातात घेऊन मोजायला निघताना जशी बघत होती तशी. आत्ता तिला वीक म्हणालो तर ती विकेल, खोली घेईल, कडी लावेल, आणि यापुढं कधीही कुठल्याही गोष्टीसाठी मला काय दिसतं ते विचारणार नाही. दुर्बीण म्हणणारे कारखान्यात पुष्कळ आहेत. पण ते वेगळं. आणि खाली वहीत, अगदी नाकासमोर, तो शेवटचा खड्डा होता, आणि त्याच्यापासून आजचा धरून दहा ठिपके झाले होते, म्हणजे उद्या तळ, मग चढण.

"थांब जरा," मी म्हणालो. "बघू दे."

ती थांबली. स्टूल ओढून बसली. मी परत मोजलं. मोजता मोजता दोनदा मला वाटलं, आता सांगतो, ही रांग झाली की सांगतो. जाऊबाई पुन्हा आल्या, आधीचे वाळलेले कपडे काढून घेऊन गेल्या. पुढच्या खोलीत कुणीतरी टीव्ही लावला. तीन पंचवीसला ताईनं फोनकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि फोन पालथा करून मांडीवर ठेवला. घाम माझ्या कानामागून मानेवर उतरत होता आणि तो मी पुसतसुद्धा नव्हतो.

"मिटला," ती म्हणाली. साडेतीन. "मग कधी म्हणतोस?"

"सोमवारी," माझ्या तोंडून गेलं. आवाज अगदी शांत होता. "सोमवारी चढेल."

"उद्याचे पैसे मग भरता येणार नाहीत."

मी वहीचं पान हातानं सपाट केलं. तिनं दलालाचा नंबर लावला. मला वाटलं ती सवलत मागेल, चार दिवस थांबा म्हणेल. "नमस्कार," ती म्हणाली, प्रत्येक शब्द सुटा, साक्ष वाचून दाखवावी तसा. "ती तिसऱ्या मजल्यावरची, उद्या जमणार नाही मला. हो. त्या दुसऱ्यांना देऊन टाका. नाही नाही, वाईट कसलं वाटायचं? मला मोठी मिळणार आहे. माझा भाऊ बसलाय ना इथं." आणि माझ्याकडे बघून हसली.

मी तिला थांबवायला हात वर केला. हातात पेन्सिल होती. ती पुन्हा वहीवर टेकली आणि मी पहिल्या ठिपक्यापासून मोजायला लागलो.